प्रॉम्प्टर बाबा : पुण्यस्मरणाच्या चौकटीत न मावलेलं

कुळागरातली

बाबांचं वर्षश्राद्ध पुढच्या महिन्यात आहे. भावाने पेपरात द्यायचा मजकूर पाठवला. 'प्रेमळ पती, कर्तव्यदक्ष पिता, लाडके आजोबा', मध्ये फोटो, खाली आम्हा सगळ्यांची नावं, सुना-जावई-नातवंडांसकट. गोव्यातल्या मराठी पेपरांत रोज अशा चौकटी असतात, त्यामुळे भावाला नावं ठेवायचं कारण नाही. पण चौकट दोन कॉलमांची आणि बाबा काही तेवढ्यात बसणारे नव्हेत. म्हणून इथे लिहिते. लांबण लागेल.

बाबा अंत्रुज महालातले, म्हणजे फोंडा तालुक्यातले. जन्म १९४१ चा. मराठी चौथी देवळाच्या अग्रशाळेत, पुढचं शिक्षण बेळगावला मामाकडे राहून. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला तेव्हा ते वीस वर्षांचे होते. दोन वर्षांनी भाऊसाहेब बांदोडकरांचं सरकार आलं, गावोगाव मराठी प्राथमिक शाळा निघाल्या आणि मॅट्रिक झालेल्या या पोराला मास्तरकी मिळाली. आधी सत्तरी, मग डिचोली, शेवटी घराजवळ. नोकरीचं एवढंच सांगते. बाकीचं त्यांचे विद्यार्थी सांगतील, कोणी इथे असले तर.

मला सांगायचं आहे ते रात्रीचं. बाबा आमच्या गावच्या नाटकांचे प्रॉम्प्टर होते.

गोव्याबाहेरच्यांसाठी सांगते. आमच्याकडे जत्रा म्हटली की नाटक आलंच. पालखी देवळात परतली, की अकरा-बाराला नांदी आणि पहाटे भैरवी. कामं करणारे गावातलेच असतात : पोस्टमन, भाटकार म्हणजे जमीनदार, कदंब बसचा कंडक्टर, माडावरून नारळ पाडणाऱ्या पाडेलीचा मुलगा. दिवसभर कामधंदा करून महिनाभर तालमी करायच्या आणि एका रात्रीत पाच अंक उभे करायचे. एवढं पाठांतर कोणाचं पक्कं असणार? म्हणून विंगेत एक माणूस लागतो. आमच्या गावात बाबांनी ती जागा धरली, ती गुडघे वाकेनासे होईपर्यंत सोडली नाही.

त्यांची पुस्तकं ही त्यांची खरी इस्टेट. छापील नाटक उसवायचं, प्रत्येक पानाआड एक कोरं पान घालायचं आणि जाड दोऱ्याने परत शिवायचं. मग लाल शाईने खुणा. आडवी रेघ म्हणजे नट इथे थांबेल, घाई करू नको. शब्दाभोवती गोल म्हणजे इथे हमखास अडकणार. गोलाच्या बाजूला नटाच्या नावाचं आद्याक्षर, कारण प्रत्येकाची अडकायची जागा वेगळी. वाचायला दोन सेलची बॅटरी, तिच्या काचेला लाल जिलेटीन कागद, म्हणजे उजेड पडद्यावर दिसू नये. शब्द द्यायचा तो पूर्ण वाक्याचा नाही. पहिली दोन-तीन अक्षरं, आणि तीही नटाचा श्वास संपायच्या आत. 'उशीर झाला तर प्रेक्षकाला कळतं, लवकर दिला तर नटाला राग येतो,' असं म्हणायचे.

घरीही हेच. आई बाजाराची यादी सांगताना अडखळली की पुढचा जिन्नस बाबांच्या तोंडून. मला बघायला आलेल्यांसमोर मी गप्प बसले तेव्हा पाठीमागून 'बी.एस्सी...' एवढंच ऐकू आलं. फार राग यायचा तेव्हा. माणसाला आपलं वाक्य आपल्या वेळेने बोलू द्यावं की नाही?

ते गेल्यावर कपाट उघडलं तेव्हा त्या कोऱ्या पानांवर दुसरंही काही सापडलं. प्रयोगाची तारीख आणि एखाद-दुसरी ओळ. डायरी त्यांनी कधी लिहिली नाही, असं आम्ही समजत होतो. काही उतरवून देते :

'१६-१-६७. मत देऊन आलो. रात्री तालीम. कृष्ण फुलाकडे, बलराम दोन पानांकडे. एकमेकांशी वाक्यं तेवढी बोलले.'

'१२-८-७३. भाऊसाहेब गेले. चवथीच्या नाटकाची तालीम बंद. पोरांना घरी पाठवलं, मी बसून राहिलो.'

'जाने. ८७. ऑर्गनवाला म्हापशाहून, बेतीच्या फेरीबोटीत अडकला. नांदी १२.४०. प्रेक्षक शांत. खाजेवाल्याचा धंदा बरा झाला.'

आणि माझ्या जन्माच्या रात्रीची : 'दुसऱ्या अंकात निरोप. मुलगी. दोघी खुशाल. तिसरा अंक वाचताना ओळ दिसेना, तोंडपाठ दिला.'

ही शेवटची आईला वाचून दाखवली. तिचं म्हणणं वेगळंच आहे. सवडीने लिहीन.

पुणेकर_झालेला

वा. १६ जानेवारी १९६७ म्हणजे सार्वमताचा दिवस. इतरांसाठी : गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा असं वाटणाऱ्यांची निशाणी फूल, वेगळा राहावा म्हणणाऱ्यांची दोन पानं. दोन पानं ३४,०२१ मतांनी जिंकली. आमच्या घरात दोन काका त्यानंतर कित्येक चवथींना एका पंगतीला बसले नाहीत. एका ओळीत तुमच्या बाबांनी जे लिहिलंय ते मी कुठल्या इतिहासाच्या पुस्तकात वाचलं नाही.

बाबांनी स्वतः कशाला मत दिलं?

कुळागरातली

लिहिलेलं नाही. आई म्हणते, 'फुलाक, आनी कित्याक?' मराठी शाळेचा मास्तर होता, अंदाज करणं कठीण नाही. पण बलरामाचं काम करणारा दोन पानांवाला मरेपर्यंत त्यांचा जिवलग होता, हेही खरं. आमच्या घरी बोलणं कोंकणीत, पेपर मराठी आणि आरत्या मराठी. ८६-८७ च्या भाषावादात बाहेर रस्ते अडवले जात होते तेव्हा हे दोघे ओसरीवर बसून सोंगट्या खेळत होते. भांडण व्हायचं ते सोंगटीवरून.

वाळपयकार

धागा बघून हात थांबले. सत्तरीतली एकशिक्षकी शाळा, बाजूने म्हादई. ते आमचे मास्तर, शंभर टक्के. तुमच्या वर्णनातली लाल शाईच पुरे. आमच्या पाटीवर नव्हे, पण वहीवर तसेच गोल असायचे, प्रत्येकाच्या चुकीच्या जागेला.

एक आठवण लिहितो. फाल्गुन-चैत्रात आमच्याकडे काजूचा हंगाम. शाळा ओस. पोरं डोंगरावर बोंडू, म्हणजे काजूची फळं, वेचायला, कारण वेचले नाहीत तर घरात पैसा नाही. आधीचे मास्तर गैरहजेरी लावून मोकळे व्हायचे. हे स्वतः डोंगरावर आले. दारूची भाटी जिथे पेटायची तिथे, कोळंबीच्या (बोंडू मळायच्या जागेच्या) बाजूला दगडावर बसले आणि बोंडू मळणाऱ्या माणसाच्या पायाच्या तालावर आम्हाला सतरा-अठराचे पाढे म्हणायला लावले. माझा बाप बोंडू मळायचा. त्याला अक्षर येत नव्हतं, पण त्या हंगामात एकोणीसचा पाढा त्याला पाठ झाला. नंतर काजूबियांचा हिशेब तो तोंडी करायचा, दलाल हडबडायचा.

पिंडो, म्हणजे मळलेल्या बोंडवांचा गोळा, दाबून गळलेला निरो (गोड रस) मास्तरांना आवडायचा. हुर्राक (काजूची दारू) कोणी पुढे केला तर म्हणायचे, 'रात्री तालीम आहे.' सत्तरीतून अंत्रुजात रोज कशी तालीम असणार, हा प्रश्न आम्हाला मोठेपणी पडला.

पेटी_मास्तर

मी त्या भागात बरीच वर्षं ऑर्गन वाजवला आहे (ती फेरीबोटीत अडकलेली असामी मी नव्हे, मी म्हापशाचा नाही). तुमच्या वडिलांसारखा प्रॉम्प्टर मी दुसरा पाहिला नाही. पदाचा अंतरा विसरला तर ते नटाकडे बघत नसत, माझ्याकडे बघत. मी मुखडा परत फिरवायचा, तेवढ्यात शब्द पोचायचा. लोकांना वाटायचं गायकाने मुद्दाम आळवलं. टाळ्यासुद्धा पडायच्या.

आता ही कला संपल्यात जमा आहे. वर टांगलेले माइक इतके तिखट असतात, की विंगेतली कुजबुज शेवटच्या खुर्चीपर्यंत जाते. कला अकादमीच्या नाट्यस्पर्धेत तर पाठांतर चोखच लागतं. जत्रेच्या नाटकात मात्र माइकही आहेत आणि पाठांतरही नाही. त्यामुळे नटाआधी प्रेक्षकांना वाक्य कळतं.

पण एक विचारतो, रागावू नका. एका रात्री त्यांनी मुद्दाम शब्द दिला नाही, ही गोष्ट खरी का? आमच्या मंडळींत अजून सांगतात.

कुळागरातली

खरी आहे. नट पिऊन आला होता. बाबांनी पुस्तक मिटलं आणि तो माणूस अख्ख्या गावासमोर उभा राहिला. किती वेळ, ते सांगणाऱ्यावर अवलंबून आहे. शेवटी पडदा पाडला. मी लहान होते, आजीच्या मांडीवर. मला फक्त आठवतं, की लोक हसले नाहीत.

सासष्टीकर

हा दुष्टपणा झाला. स्पष्ट लिहितो, कारण सगळे फुलंच वाहताहेत. प्यायलेल्याला आधीच रंगपटातून घरी पाठवायचा होता. स्टेजवर चढू देऊन मग तोंड मिटायचं, याला शिस्त म्हणत नाहीत.

कुळागरातली

मला बाजू मांडायची नाही. बाबा तसेही होते. त्या प्रयोगाचं पान शोधलं. तारीख आहे, पुढे कोरं.

अबोली_६२

हा प्रतिसाद लिहावा की नाही असं वाटत होतं. तो नट माझा सख्खा मामा.

मामा त्यानंतर स्टेजवर चढला नाही. गावात कोणी विषय काढला की उठून जायचा. पण धागाकर्तीला बहुधा ठाऊक नसेल : पुढच्या वर्षी तालमी सुरू व्हायच्या आधी मास्तर आमच्या घरी आले होते. मामाच्या भूमिकेची नवी नक्कल स्वतःच्या हाताने लिहून आणली होती, मोठ्या अक्षरात, कारण मामाचा चष्मा तोवर झाला नव्हता आणि ते फक्त मास्तरांनाच माहीत होतं. चहा झाला, पावसावर बोलणं झालं. नक्कल टेबलावर ठेवून मास्तर गेले. मामाने ती घेतली, परत केली नाही. काम मात्र केलं नाही ते नाहीच. आता दोघेही नाहीत. नक्कल मामीच्या पेटीत आहे, मी बघितली आहे. लाल गोल एकही नाही.

मामाने दारू सोडली वगैरे काही झालं नाही. तसं लिहिलं असतं तर छान वाटलं असतं.

कुळागरातली

अबोली, हे आमच्यापैकी कोणालाही माहीत नव्हतं. आईलाही नाही. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

चांदोरची_सून

अवांतर : माझे सासरे याच वर्षी गेले. घर त्यांच्या नावावर. माझं माहेर कोल्हापूरचं, तिकडचे नियम वेगळे. सासूबाईंना घर मिळण्यासाठी काय करावं लागतं? इथे गोव्यातली जाणती माणसं दिसतात म्हणून विचारते.

नोटरीच्या_दारात

अवांतर असलं तरी लिहितो, हा घोळ फार घरांत होतो. गोव्यात अजून १८६७ च्या पोर्तुगीज नागरी कायद्याची चौकट आहे, वारशाचे नियम आता २०१२ च्या गोव्याच्या कायद्यात आहेत. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक. म्हणजे अर्धं घर सासूबाईंचं आहेच, आणि ते वारसा म्हणून नव्हे, लग्नामुळे. सासरे गेल्याने वारसाहक्क उघडतो तो उरलेल्या अर्ध्याचा, आणि तो मुलांकडे जातो, मुलगा-मुलगी सारखे. मृत्युपत्र केलं असलं तरी माणूस आपल्या वाट्याच्या अर्ध्यापुरतंच मनाप्रमाणे देऊ शकतो. वारसांचा दस्त नोटरीकडे करून घ्या. वाद असेल तर इन्व्हेंटरी कोर्टात. लग्नाची नोंद आणि मृत्यूचा दाखला हाताशी ठेवा.

चांदोरची_सून

आभारी आहे. सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, हे मला माहीत होतं, तुम्ही कोणी विचारलंत कुठे.

आजोचो_नातू

नमस्कार. मी धागाकर्तीचा मुलगा. मराठी टाइप करायला वेळ लागतो, चुका असतील. आजी सांगते आहे, मी लिहितो. तिला सगळे प्रतिसाद वाचून दाखवले.

आजी म्हणते :

'माझी मुलगी बापाचं लिहिते, चांगलं लिहिते. पण कार्तिकापासून चैत्रापर्यंत घरात पुरुष नसायचा ते कोण लिहिणार? आज ह्या गावची जत्रा, उद्या त्या गावचा काला. आमच्या गावचं संपलं की शेजारचे बोलवायला यायचे. पहाटे हे यायचे, खिशात खाजं, डोळे लाल, आणि आठ वाजता शाळा. मी त्यांना पेज वाढायची आणि बोलायची नाही. हे विचारायचे, काय झालं? सगळ्यांची वाक्यं ह्यांना ठाऊक, माझं एक ठाऊक नव्हतं.

मुलीच्या वेळी मी दवाखान्यात आणि हे विंगेत. आता ते पानावर लिहिलंय म्हणून मुलगी रडते. मला तेव्हा सांगितलं असतं तर मी निदान हसले असते.

पण खोटं बोलणार नाही. निवृत्त झाल्यावर रोज सकाळी पोदेराचा भोंपू वाजला की हे धावायचे, माझ्यासाठी कातरो पाव, नरम बघून, कारण माझे दात. हुमणाला नारळ खवून द्यायचे. नारळ खवताना बोलायचे नाहीत, हे मला फार बरं वाटायचं.'

आजीचं संपलं. आता माझं. मी इंग्रजी माध्यमाचा. आजोने मला मराठी शिकवलं ते त्या शिवलेल्या पुस्तकांतून. मी एका बाजूचं वाचायचं, तो बाकी सगळी पात्रं. घटोत्कच झाला की आवाजाने मांजर पळायचं. मी अडकलो तर शब्द द्यायचा नाही. थांबायचा. मी एकदा विचारलं, स्टेजवरच्या लोकांना देतोस, मला का नाही? म्हणाला, 'त्यांना शो आहे. तुला कसली घाई आहे?'

पेटी_मास्तर

नातवा, चुका नाहीत. लिहीत राहा.

आजींना माझा नमस्कार सांग. आम्ही वाजवणारेही त्यात अपराधी. रात्री-अपरात्री त्यांना ओढून नेणाऱ्यांत मी होतो.

विंग_नंबर_दोन

धागा आमच्या मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतोय. मी त्याच गावच्या नाट्यमंडळाचा सध्याचा सेक्रेटरी, धागाकर्ती मला ओळखतील. विनंती अशी, की ती पुस्तकं मंडळाला मिळाली तर बरं होईल. कपाट आहे, कुलूप आहे, वाळवीचं औषध मारलेलं आहे. नव्या पोरांना खुणा बघता येतील. यंदा पहिल्यांदाच दोन मुली प्रॉम्प्टिंग शिकायचं म्हणताहेत. त्यांना मी काय सांगणार? मला स्वतःला आयुष्यभर मास्तरांनी शब्द दिला.

कुळागरातली

ओळखते की. माझी काही हरकत नाही, भावाचीही नसेल. पण त्या कोऱ्या पानांवर आमच्या घरातलं बरंच आहे. सगळ्यांनी वाचावं असं सगळं नाही. आईला विचारून सांगते.

पुणेकर_झालेला

स्कॅन करून घ्या आधी. पावसाळ्यात गोव्यात कागद राहत नाही. लाल शाई तर पहिली उडते. रंगीत स्कॅन करा, काळंपांढरं नको, खुणा कळणार नाहीत.

वाळपयकार

स्कॅनिंगचा खर्च मी देतो. कृपया नाही म्हणू नका.

आजोचो_नातू

आजीला विचारलं. तिने नोटरीकाकांचा प्रतिसाद परत वाचायला लावला. मग म्हणाली, 'म्हणजे पुस्तकंसुद्धा अर्धी माझी.' मी म्हटलं, हो, तसंच असणार.

तिच्या अटी : मूळ पुस्तकं घरातच राहणार, मंडळाला प्रती मिळतील. शिकायचं असेल त्या मुलींनी घरी यायचं, दुपारी चारनंतर, चहा मिळेल. जत्रेच्या नाटकाला आजीला पुढच्या रांगेत हात असलेली खुर्ची आणि मध्यंतरात घरी सोडायला गाडी तयार ठेवायची. थांबायचं की नाही ते ती तेव्हा ठरवणार. इतक्या वर्षांत तिने गावचं नाटक पुरं कधी बघितलं नाही, असं म्हणते. आधी आई आणि मामा लहान, मग आम्ही नातवंडं लहान.

यंदा कुठलं नाटक आहे तेही विचारते. सौभद्र असेल तर येणार नाही म्हणाली. दर वर्षी रात्री दिव्याखाली आजो ते मोठ्याने वाचून खुणा करायचा, ते भिंतीपलीकडून ऐकून तिला पाचही अंक पाठ आहेत.

विंग_नंबर_दोन

सगळ्या अटी मान्य. खुर्ची माझ्या घरची आणतो.

नाटक सौभद्रच आहे. तालमी सुरू होऊन आठवडा झाला, आता बदलता येणार नाही. आजींना कोण सांगतंय?